नर रेडकू चांगले वाढवून वजनावर योग्य भाव मिळवण्यासाठी सल्ला हवा आहे

सत्तरीकर

सर्वांना नमस्कार. वाळपईच्या पुढे आमचे लहानसे कुळागर (पोफळी-माडांची बाग) आणि सरद म्हणजे पावसाळी भाताची दीड एकर जमीन आहे. गोठ्यात तीन म्हशी आहेत; त्यांपैकी दोन मुऱ्हा संकरित असून एक गावठी आहे. दूध डेअरीला जाते आणि घरखर्चाचा मोठा भाग त्यावरच चालतो. रेडी जन्मली की आम्ही ती नीट सांभाळतो, पण नर रेडकू झाले की त्याच्या वाट्याचे दूधही डेअरीच्या कॅनमध्ये जाते, हे मी खेदाने मान्य करतो. गेल्या वर्षी दोन नर झाले. एक सव्विसाव्या दिवशी हगवणीने गेला. दुसरा जेमतेम तगला, आणि चौदा महिन्यांचा झाल्यावर दारात आलेल्या दलालाने त्याच्या पाठीवर हात फिरवून जी रक्कम सांगितली तीच आम्ही घेतली. त्याचे वजन किती होते, हे आम्हाला आजही माहीत नाही.

यंदा मोठी म्हैस येत्या पंधरवड्यात विणार आहे. नर झाला तर त्याला व्यवस्थित वाढवून वजनावर विकावा, असे घरात ठरले आहे. त्याला दूध किती दिवस द्यावे, विकत खुराक कमीत कमी लागेल अशी वैरण कोणती, पावसाळ्यात काय सांभाळावे आणि विक्री कशी करावी, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त पशुवैद्य, बार्देश

आपण प्रश्न प्रामाणिकपणे मांडला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. टोणग्याचा (वाढलेल्या नर रेडकाचा) भाव दीड वर्षाने ठरतो असे वाटते, पण माझ्या नोकरीच्या काळात मी जे पाहिले त्यावरून सांगतो की तो पहिल्या तीन महिन्यांतच ठरून गेलेला असतो. या काळात खुरटलेले रेडकू पुढे कितीही चारले तरी त्याची हाडपेर भरत नाही.

पहिली गोष्ट चिकाची. रेडकाला जन्मतः रोगप्रतिकारक शक्ती जवळजवळ नसते; ती चिकातून मिळते, आणि आतड्यांची ती शोषून घेण्याची क्षमता तासागणिक घटत जाऊन साधारण चोवीस तासांत संपते. म्हणून पहिला चीक जन्मानंतर तासाभरात पोटात गेला पाहिजे आणि पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर, तीन-चार वेळा विभागून दिला पाहिजे. आपल्याकडे अनेक घरांत जार (वार) पडेपर्यंत म्हशीला पिळायचे नाही, अशी समजूत आहे. जार पडायला कधी आठ-दहा तास लागतात आणि तोवर रेडकू उपाशी राहते. ही समजूत कृपया सोडून द्यावी. रेडकू आचळांना ढुशा देऊ लागले की जारही लवकर सुटायला मदत होते. खरवसासाठी चीक काढायचा असेल तर तो रेडकाचे पोट भरल्यावर काढावा.

नाळ शरीरापासून दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून खाली कापावी आणि टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावी. नाळेतून शिरलेला जंतुसंसर्ग पुढे सांध्यांत उतरतो आणि रेडकू लंगडते.

दुसरी गोष्ट जंतांची, आणि आपले सव्विसाव्या दिवशी गेलेले रेडकू बहुधा यानेच गेले असावे. म्हशीच्या शरीरात सुप्त असलेल्या गोलकृमीच्या अळ्या चिकातून आणि दुधातून रेडकाच्या पोटात जातात, त्यामुळे ज्याने अजून गवताची काडीही चावलेली नाही त्याच्या पोटातही तीन आठवड्यांत वीतभर लांबीचे जंत होतात. शेण पांढरट, चिकणमातीसारखे आणि घाण वासाचे होते, पोट नगाऱ्यासारखे फुगते, केस राठ होतात आणि रेडकू माती चाटू लागते. ही लक्षणे दिसेपर्यंत थांबू नये. दहाव्या दिवसाच्या सुमारास पहिले औषध पाजावे, त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला आणि पुढे तीन महिन्यांनी. औषध पायपराझिनचे असो वा दुसरे, मात्रा वजनावर ठरते. म्हणून ती जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून लिहून घ्यावी, दुकानदाराच्या अंदाजावर सोडू नये.

दुधाबाबत शास्त्र वजनाचा दहावा हिस्सा सांगते. व्यवहारात पहिला महिना रोज तीन लिटर, दुसरा दोन आणि तिसरा एक, असे धरले तरी एकूण १८० लिटर होतात. लिटरला साठ रुपये हिशेबाला घेतले तर ते १०,८०० रुपयांचे दूध आहे. हा आकडा पाहून घरातील मंडळी बिचकतील, हे मी जाणतो. त्यावरचा जुना उपाय आजही चांगला आहे: पहिले दोन महिने एक सड पूर्णपणे रेडकासाठी सोडावा आणि दुसऱ्या आठवड्यापासूनच त्याच्या तोंडाला बारीक भरडा लावावा. जे रेडकू लवकर भरडा खाऊ लागते, त्याचे रवंथाचे पोट लवकर तयार होते आणि दुधाचा खर्च आपोआप कमी होतो.

लसीकरण थोडक्यात सांगतो. लाळ्या खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात, महिन्याने बूस्टर आणि मग दर सहा महिन्यांनी. घटसर्पाची लस सहा महिने पूर्ण झाल्यावर आणि नंतर दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी. गोव्यात जूननंतर घटसर्प आला तर सकाळी ताप दिसलेले जनावर दुसरा दिवस पाहील याची खात्री नसते.

डिचोलीचा गोठा

डॉक्टरसाहेबांनी आरोग्याचे सर्व सांगितले आहे. मी वैरणीचे सांगतो, कारण गेली नऊ वर्षे मी दोन-तीन टोणगे सतत वाढवत आलो आहे.

विकतच्या खुराकावर टोणगा वाढवाल तर नफा कारखान्याला जाईल. आपल्याकडे कुळागर आहे, पाणी आहे, तेव्हा पाटाच्या कडेने आणि बांधांवर संकरित नेपिअर लावावे. पंचेचाळीस दिवसांनी कापावे. त्याहून जून झाले तर नुसती काडी उरते. कुंपणाला गिरिपुष्प लावले तर त्याचा पाला कापून, दिवसभर सुकवून थोडा थोडा द्यावा. सुरुवातीला जनावर तोंड फिरवते, पण आठवड्याभरात खाऊ लागते. नेपिअर पोट भरते, पण प्रथिने या पाल्यातून मिळतात.

भरडा मी घरीच करतो. शंभर किलोत मक्याचा भरडा ४५ किलो, शेंगदाणा पेंड १५, खोबऱ्याची पेंड १५, भाताचा किंवा गव्हाचा कोंडा २२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १, असे माझे प्रमाण आहे. खोबऱ्याची पेंड एरवी दूर कुठून आणावी लागत नाही, आपल्याकडे तेलाच्या घाण्यावर मिळते. फक्त ती ताजी असावी, खवट वास येत असेल तर घेऊ नये. चार महिन्यांच्या रेडकाला रोज पाऊण किलो भरडा पुरतो आणि वर्षाच्या टोणग्याला दीड किलो.

भात कापणीनंतरचा पेंढा तसाच घालण्यापेक्षा युरिया प्रक्रिया करून घालावा. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर लावत शिंपडावा, पायाने दाबावा आणि प्लास्टिकखाली हवाबंद करून तीन आठवडे ठेवावा. उघडल्यावर पेंढा पिवळसर तपकिरी झालेला असतो आणि अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबतो. तो तासभर पसरून, वास उडाल्यावरच द्यावा. याशिवाय बिअरच्या कारखान्याचा ओला चोथाही मी घालतो, त्याने टोणगे चांगले भरतात.

निवृत्त पशुवैद्य, बार्देश

वरील माहिती उत्तम आहे. त्यात दोन सावधगिरीच्या सूचना जोडतो. युरिया प्रक्रिया केलेला पेंढा सहा महिन्यांच्या आतील रेडकाला अजिबात देऊ नये आणि युरियाची पिशवी किंवा ते पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असे ठेवू नये. विषबाधेने जनावर अर्ध्या तासात आडवे होते. ओला चोथा आपल्या उकाड्यात दोन दिवसांत आंबतो आणि त्याला बुरशी धरते, म्हणून रोजच्या पुरता ताजा मिळत असेल तरच घ्यावा आणि लहान रेडकांना देऊ नये.

धनगरवाड्यावरून, काणकोण

आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या म्हशी आहेत. मी पावसाळ्यापुरतेच लिहिते. जून ते सप्टेंबर रेडकाला ओल्या जमिनीवर झोपू देऊ नये. आम्ही पोफळीच्या चिवाट्या (खोड चिरून केलेल्या पट्ट्या) जमिनीपासून वीतभर उंच, बोटभर फट ठेवून बांधतो, म्हणजे मूत खाली जाते आणि अंग कोरडे राहते. वाऱ्याच्या बाजूने झावळ्यांचा आडोसा करावा, पण गोठा कोंदट करू नये. रात्री रेडकाच्या कानाला हात लावून पाहावा. कान थंड लागला तर कोरड्या पेंढ्याचे अंथरूण वाढवावे.

भातखाचरातल्या आणि तळीच्या कडेच्या गवतावर रेडकांना सोडू नये. तिथे गोगलगायी असतात आणि तिथून यकृतातला कृमी येतो. गळ्याखाली सूज दिसेपर्यंत कळत नाही. उन्हाळ्यात दुपारी विहिरीचे पाणी अंगावर ओतले तर पुरते, डबक्यात लोळायची गरज नाही.

फोंडावासी

विक्रीबाबत कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. गोव्यात १९७८ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी आहे, आणि १९९५ च्या प्राणी संरक्षण कायद्यानुसार म्हशी व रेड्यांच्या कत्तलीसाठीही सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. त्यामुळे जनावर विकायला काढण्याच्या वेळी नव्हे, तर वाढवायला घेण्यापूर्वीच आपल्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांकडे जाऊन कोणत्या वयाच्या आणि कोणत्या स्थितीतील टोणग्याला दाखला मिळू शकतो, हे विचारून घ्यावे. ते पक्के झाल्याशिवाय नफ्याचा हिशेब मांडू नये. कानात बारा अंकी बिल्ला लहानपणीच मारून घ्यावा. उसगावचा गोवा मांस प्रकल्प (सरकारी कत्तलखाना) आपल्याला दूर नाही. तो विक्रीच्या वेळी चालू आहे का आणि लहान शेतकऱ्याकडून थेट जनावर घेतात का, याची चौकशी आधी करावी. कर्नाटकाचा २०२० चा गोहत्याबंदी कायदा आल्यानंतर बाहेरून येणारी जनावरे अडली आणि गोव्यात मांसाचा तुटवडा झाला होता. म्हणून इथे वाढलेल्या, कागदपत्रे स्वच्छ असलेल्या जनावराला मान आहे.

आता वजनाचे. दलाल नेहमी नजरेने कमी धरतो. दोन वर्षांपूर्वी माझा एक टोणगा त्याने २०० किलोचा ठरवला. मी शिंप्याची टेप आणली. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर ५८ इंच भरला, आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाशी असलेल्या हाडापर्यंत लांबी ४७ इंच. घेराला घेराने गुणून, त्याला लांबीने गुणून ६६० ने भागले की किलोत अंदाज मिळतो: ५८ गुणिले ५८ गुणिले ४७ भागिले ६६०, म्हणजे सुमारे २४० किलो. तो गप्प राहिला. मग आम्ही टेम्पो वजनकाट्यावर नेला, जनावरासह आणि जनावराशिवाय, आणि आकडा २३४ आला. नजरेतल्या त्या चौतीस किलोंचे पैसे एरवी त्याच्या खिशात गेले असते. टेपचा आकडा अंदाजच असतो, पण बोलणी करताना हातात काहीतरी असावे लागते. मोजताना जनावर सपाट जागी चारही पायांवर सरळ उभे असावे आणि सकाळी चारापाण्यापूर्वी मोजावे.

पेडण्याहून

मी आमच्या घरच्या श्रद्धेमुळे जनावर कत्तलीसाठी देत नाही, त्यामुळे नराबाबत सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. परंतु वरील पद्धतीने मी वगारी (मादी रेडके) वाढवते आणि पहिल्या वेताला आलेल्या मुऱ्हा वगारीला दारात गिऱ्हाईक येते. गावठी म्हशीलाही चांगल्या मुऱ्हा वळूचे कृत्रिम रेतन करून घ्यावे, म्हणजे नर होवो वा मादी, अंगाने भरदार होईल. चीक, जंत आणि कोरडी जागा या तीन गोष्टी दोघांनाही सारख्याच लागतात.

डिचोलीचा गोठा

ताईंचे म्हणणे योग्य आहे. माझ्या वहीत रोज सरासरी चारशे ग्रॅम वाढ पडते. तीस किलोने जन्मलेला टोणगा अठरा महिन्यांत साधारण २४५ किलो होतो. त्यापुढे खुराक वाढतो, त्या प्रमाणात वजन वाढत नाही; म्हणून मी तिथेच थांबतो. दर महिन्याच्या एक तारखेला टेप लावून लिहून ठेवावे. ज्या महिन्यात वाढ अडली, त्या महिन्यात जंत किंवा गोचीड शोधावेत.

सत्तरीकर

सर्वांचे मनापासून आभार. काल पहाटे म्हैस व्याली आणि नर झाला. आई म्हणाली, जार पडू दे. मी डॉक्टरसाहेबांचे लिहिलेले तिला वाचून दाखवले, ती थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग स्वतःच रेडकाचे तोंड आचळाला लावून उभी राहिली. जार त्यानंतर चार तासांनी पडला. खरवस यंदा थोडाच झाला. पुढच्या डावीकडचा सड रेडकासाठी सोडायचा, असे घरात ठरले आहे.

शेजाऱ्यांच्या पोफळीच्या चिवाट्या आणून ठेवल्या आहेत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखल्याबाबत विचारायला सोमवारी वाळपईला जातो आणि ते काय सांगतात ते इथे लिहितो. आज सकाळी टेप लावली: घेर २८ इंच, लांबी २५, म्हणजे सुमारे तीस किलो. वहीच्या पहिल्या पानावर ते लिहिले आहे आणि जंताच्या औषधासाठी दहाव्या दिवसावर कॅलेंडरात खूण केली आहे.