तारलीच्या पिल्लांचं वय कसं मोजू?
नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ससून डॉकवरून बोटाएवढ्या तारल्या आणल्यात. (मावशी म्हणाल्या, 'एवढुशी घेऊन काटेच खाशील!') माशाच्या कानातला खडा (ओटोलिथ) घासून मायक्रोस्कोपखाली धरला की दिवसाला एक अशी वलयं दिसतात, वलय रुंद म्हणजे त्या दिवशी वाढ चांगली. पण खड्याच्या केंद्राजवळची वलयं इतकी दाट आहेत, की तीनदा मोजली तर तीन आकडे येतात. आणि मला हवेत नेमके तेच दिवस, बलक संपून पिल्लू स्वतः खायला लागतं तेव्हाचे. तेव्हा उपाशी राहिली तर पुढची पिढीच संख्येने रोडावते, असं नॉर्वेच्या मत्स्यशास्त्रज्ञ योर्टने १९१४ मध्येच मांडलं होतं. खडा किती घासायचा? आणि एकाच थव्यातली काही पिल्लं लहान का, उशिरा जन्मली की खाण्याच्या चढाओढीत मागे पडली, हे वलयांवरून कसं ओळखता?