मदत हवी आहे: हमिंगबर्डच्या फीडरवर एकाच पक्ष्याची दादागिरी
मंडळी, न्यू जर्सीत कोणाच्या बॅकयार्डात हमिंगबर्ड नियमित येतात का? मे महिन्यापासून फीडर (त्यांच्यासाठी साखरपाण्याचं टांगतं भांडं) लावलाय, १ वाटी साखरेला ४ वाट्या पाणी, लाल रंग अजिबात नाही, या उकाड्यात दर दोन दिवसांनी धुतेय पण. पण येतो तो एकच लाल गळ्याचा नर, समोरच्या डॉगवुडच्या झाडावर बसून राहतो आणि दुसरा कोणी आला की असा अंगावर धावून जातो की बास! त्यात मुंग्यांची रांग. आई सांगलीहून आलीय, ती म्हणते आपल्याकडे जास्वंदीवर शिंजीर फुकटात येतात, तुझे हे काय नखरे. दुसरा फीडर त्याला दिसणार नाही असा घराच्या पलीकडच्या बाजूला लावला तर फरक पडेल का? आणि बी बाम (bee balm, हमिंगबर्डना आवडणारं फुलझाड) कुंडीत जगतं का, की जमिनीतच लावू?