मदत हवी आहे: जोडीदाराला डिमेन्शिया, नातं लपवलेलं, आता माझीच तब्येत ढासळतेय

आम्ही दोघी बायका, बऱ्याच वर्षांचा संसार. तिला अल्झायमर आहे. मोजकी माणसं सोडली तर सगळ्यांना आम्ही मैत्रिणी म्हणूनच माहीत.

संध्याकाळ झाली की ती अस्वस्थ होते, येरझाऱ्या घालते, स्वतःच्याच घरात 'मला घरी जायचंय' म्हणते. या आजारात असं होतं हे कळलंय, ते मी निभावते. निभत नाही ते वेगळंच. कोणासमोर काय बोलायचं नाही, याचं तिचं भान सुटत चाललंय. परक्या माणसासमोरही माझा हात धरते, लाडाच्या नावाने हाक मारते. मला खरं तर बरं वाटायला हवं, पण पोटात गोळा येतो. मदतनीस बाईला कळलं तर ती हिच्याशी नीट वागेल ना? या धास्तीने बाई ठेवलीच नाही. जागरणं माझीच. रक्तदाब वाढलाय, स्वतःच्या तपासण्या पुढे ढकलतेय.

डॉक्टरांनी झारिट प्रश्नावली भरायला दिली. सांभाळणाऱ्यावरचा भार मोजणारे 22 प्रश्न. स्वतःसाठी वेळ, पैसा, राग, प्रकृती, सगळं विचारलंय. नातं लपवण्याबद्दल अक्षर नाही. वर 'रुग्णाशी नाते' लिहायचं होतं, तिथे 'मैत्रीण' लिहिलं. ते फार लागलं मनाला.

संशोधक इलन मेयर यांनी 2003 मध्ये मांडलेल्या 'मायनॉरिटी स्ट्रेस'बद्दल, म्हणजे आमच्यासारख्या अल्पसंख्य गटातल्या माणसांवरच्या ताणाबद्दल वाचलं. कोणी प्रत्यक्ष वाईट वागलं नाही तरी तसं वागतील या भीतीने सतत सावध राहणं, ओळख झाकणं, याचाही तब्येतीवर परिणाम होतो. माझं नेमकं हेच चाललंय.

तुमच्यापैकी कोणी डॉक्टरांना किंवा मदतनिसाला खरं नातं सांगितलंय का? आधी कोणाला, कोणत्या शब्दांत? बाई ठेवण्याआधीच सांगावं की थोडी ओळख झाल्यावर?

दुसरं जास्त घाईचं आहे. उपचारांचे निर्णय तिच्या भावंडांना विचारले जातात, मी शेजारी बसलेली असताना. तिला अजून विचारलं तर कळतं, आपलं मत सांगता येतं. तोवर माझं नाव कागदोपत्री यावं यासाठी वकिलाकडे काय मागायचं?

डिमेन्शियाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्यांसाठीचा जागतिक आरोग्य संघटनेचा 'आयसपोर्ट' कार्यक्रम वाचतेय. आंघोळ, जेवण, भ्रम यासाठी उपयोगी आहे. पण मला बोलायला माणसं हवी आहेत. आधारगटात सगळे 'माझा नवरा', 'माझी आई' म्हणतात, तिथे मी गप्प बसते. आमच्यासारख्यांचा गट माहीत असेल, किंवा तुम्ही स्वतः यातून जात असाल, तर कृपया व्यक्तिगत निरोप करा. रात्री मी जागीच असते.