मदत हवी आहे: मनगटातलं छोटं हाड, नाव काय?

घाईतला_धायरीकर: लोकहो, डॉक्टरनी मनगटातल्या एका छोट्या हाडाचं नाव सांगितलं, स्कॅ की कॅ असं काहीतरी, कागदावरचं अक्षर लागत नाहीये. एक्सरे नॉर्मल आलाय तरी परत काढा म्हणतायत, उगाच कशाला पैसे घालवायचे? लवकर सांगा, संध्याकाळी क्लिनिकला फोन करायचाय.

कोथरूडची_मावशी: अरे पण झालंय काय? पडलास का? हात कुणाचा, तुझा का मुलाचा?

पेठेतला_जुना: सिंहगड रोडला घसरला असणार, दुसरं काय. तिथे रस्ता कमी नि खडी जास्त.

घाईतला_धायरीकर: माझाच हो, उजवा. गेल्या आठवड्यात गाडी घसरली, तळहात टेकला. अंगठा ताणल्यावर मुळाशी खळगा पडतो ना, तिथे दाबलं की जीव जातो.

एमबीबीएस_फर्स्टइयर: कॅ म्हणजे कॅपिटेट, 8 हाडांतलं सगळ्यात मोठं. बाकीची स्कॅफॉइड, ल्युनेट, ट्रायक्वेट्रल, पिसिफॉर्म, ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, हॅमेट. पिसिफॉर्म वाटाण्याएवढं असतं आणि

पेठेतला_जुना: तुझी व्हायवा नाहीये ही.

फिजिओ_ताई: खळग्यात दुखतंय म्हणजे स्कॅफॉइडचाच संशय असणार. त्याची बारीक चीर पहिल्या एक्सरेत बरेचदा दिसतच नाही, 10-14 दिवसांनी दिसते, म्हणून परत काढतात, नाहीतर एमआरआय. स्प्लिंट दिलंय ना?

घाईतला_धायरीकर: दिलंय, पण गाडी चालवताना काढावंच लागतं.

गावाकडचा_गडी: एक्सरे बिक्सरे सोडा, आमच्याकडे हाडवैद्य आहेत, चोळून लेप लावतात, वडलांचा खांदा तीन दिवसांत बसवला.

फिजिओ_ताई: खांद्याचं इथे काय? या हाडाला रक्त मुख्यतः अंगठ्याकडच्या टोकातून मागे येतं, मधे मोडलं तर मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं, मग तो जुळत नाही, कधी मरतोसुद्धा. पुढे स्क्रू घालायची वेळ येते. चोळणं तर अजिबात नको.

गावाकडचा_गडी: तुम्हा लोकांना सगळीकडे ऑपरेशनच दिसतं.

फिजिओ_ताई: ऑपरेशन टळावं म्हणूनच स्प्लिंट घाल म्हणतेय ना!

पेठेतला_जुना: आमचे आजोबा त्याच खळग्यात तपकीर ठेवून ओढायचे, त्यांचं मनगट कधी दुखलं नाही.

घाईतला_धायरीकर: बरं, स्कॅफॉइड. एमआरआयला साधारण किती घेतात?

पेठेतला_जुना: सेंटरला पार्किंग आहे का ते आधी विचार.

कोथरूडची_मावशी: पार्किंग कशाला? रिक्षानं जा रे बाबा, आणि ते स्प्लिंट घाल आधी!