आजोबांचा पुतळ्याचा स्टँड कापायचा की ठेवायचा?

माळव्याची लेक
इंदूरच्या घरातून आजोबांचा स्टँड परवा पुण्याला आणला. आजोबा शाळेत चित्रकला शिकवायचे. १९६२ साली स्वतः आराखडा काढून त्यांनी तो सुताराकडून करून घेतला. खाली चौकोनी ठोकळा, मधे डमरू, वर ९ इंची पाट. उंची २ फूट ९ इंच. नक्षी कुठेही नाही. त्यावर आजीचा भाजलेल्या मातीचा अर्धपुतळा असायचा, त्याच्या बैठकीचा फिकट गोल अजून पाटावर आहे. बुडाला पेन्सिलीने मापं लिहिलीत, आजोबांच्याच अक्षरात.

इथला सुतार म्हणतो, "वरून ९ इंच उतरवू, घासून पीयू (प्लास्टिकसारखं चकचकीत पॉलिश) मारू, सोफ्याशेजारी मस्त टेबल होईल." घरच्यांना पटलंय, माझा मात्र जीव होत नाही. शिवाय एका कडेला टाचणीएवढी भोकं दिसतात. काय करू?

रंधा
ताई, आधी सुताराला थांबवा. भोकं पांढुरक्या पट्ट्यात आहेत का बघा. सागाचं बाहेरचं पांढरं लाकूड कीड खाते, गाभ्याला सहसा लागत नाही. खाली काळा कागद पसरून आठवडाभर ठेवा. पिठासारखा ताजा भुगा पडला तर कीड जिवंत आहे, मग भोकांत सुईने औषध सोडावं लागेल.

पॉलिशचं म्हणाल तर बुडाशी, पेन्सिलीपासून लांब, स्पिरिटचा बोळा टेकवा. चिकट झालं तर ती चपडी, म्हणजे लाखेचं पॉलिश. चपडीवर नवी चपडी चढते, जुनी खरवडावी लागत नाही. पॉलिश पेपर मारलात तर साठ वर्षांचा रंग एका दुपारी जाईल.

गेरू
इंदूर वाचलं म्हणून राहवलं नाही. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी ब्रांकुसी या रोमानियन शिल्पकाराचे संगमरवरी पक्षी घेतले होते, एक पांढरा, एक काळा. त्या पक्ष्यांसाठी मंदिर बांधायचं म्हणून १९३७-३८च्या हिवाळ्यात ब्रांकुसी इंदूरला येऊनही गेला. मंदिर झालं नाही, ते दोन्ही पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेऱ्यात आहेत. ब्रांकुसी शिल्पांच्या बैठका स्वतः घडवायचा, ओकच्या, दगडाच्या, एकावर एक आकार रचून. बैठक त्याच्या लेखी शिल्पाइतकीच मोलाची. तुमच्या आजोबांनी डमरू कुठून घेतला ते मी सांगू शकत नाही, पण ९ इंच गेले की तो डमरू उरणार नाही. आणि एक करून बघा: पुतळा वर ठेवा नि समोर खुर्चीत बसा.

माळव्याची लेक
रंधाकाका, बोळा चिकटला, चपडीच आहे. काळा कागद आठ दिवस कोरा राहिला. सुताराला नको म्हणून कळवलं.

गेरू, काल पुतळा त्याच्या गोलात बरोबर बसवला आणि समोर वेताची खुर्ची ओढून बसले. आजीचे डोळे थेट माझ्या डोळ्यांसमोर आले. आई दारातून बघत होती. तिने न बोलता दुसरी खुर्ची आणली.