मदत हवी आहे: १९६५च्या वहीतल्या तीन लाल चांदण्या म्हणजे पाडलेली तीन सेबर विमानं का?

वहीवाली:

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, आधीच सांगते. घाई अशासाठी की फ्लेक्सवाला शुक्रवारी मजकूर मागतोय.

माझे थोरले मामा हवाई दलात आर्मरर होते. वैमानिक नव्हे. विमानाच्या तोफा साफ करायच्या, गोळ्यांचे पट्टे भरायचे आणि विमान उतरलं की किती गोळे परत आले ते मोजायचे, हे त्यांचं काम. सोलापुरात गिरणीच्या चाळीत वाढले, भरती झाले, आणि १९६५च्या सप्टेंबरात पठाणकोटला नॅट या आपल्या छोट्या लढाऊ विमानांवर होते. चार वर्षांपूर्वी गेले. यंदा मामींनी माळ्यावरची लोखंडी ट्रंक उतरवली. त्यात गणवेशाचं एक बटण, दुधाच्या हिशोबाची जुनी कॅलेंडरं (ही का ठेवली देव जाणे) आणि एक शंभर पानी शाळेची वही निघाली.

वहीत हाताने रेघा मारलेले रकाने आहेत: तारीख, विमानाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे, डावी, उजवी, शेरा. नॅटला ३० मिलिमीटरच्या दोन एडन तोफा असायच्या आणि एकेकीला ११५ गोळे. त्यामुळे प्रत्येक ओळ ११५-११५ अशी सुरू होते आणि पुढे परत आलेल्या गोळ्यांचा आकडा. शेरे एका शब्दाचे. "तेल". "पट्टा". एके ठिकाणी "साहेब खूश". ६ सप्टेंबरला आकडेच नाहीत, नुसतं "खंदक. चहा सांडला." त्या संध्याकाळी पाकिस्तानच्या सेबर विमानांनी पठाणकोटवर येऊन आपली दहाच्या आसपास विमानं उभ्या जागी जाळली, हे मला गेल्या महिन्यात वाचून कळलं. मामांनी आम्हा पोरांना जन्मभर फक्त चहाच सांगितला.

आता मुद्दा. वहीतल्या तीन ओळींसमोर लाल पेन्सिलीने चांदणी काढलेली आहे. घरात सगळ्यांचं एकमत, की मामांनी भरलेल्या तोफांनी तीन सेबर पाडली. ही गोष्ट आमच्या चौकातल्या मंडळाच्या कानावर गेली. ८ ऑक्टोबरला वायुसेना दिन, त्या दिवशी फलक लावायचा ठरलाय: "तीन सेबर विमाने पाडणाऱ्या तोफांचे शिल्पकार". मजकूर मी लिहायचा, कारण मी बँकेतून निवृत्त झालेली आणि माझं अक्षर बरं.

मी आपलं खात्री करावी म्हणून वाचायला बसले, आणि गोंधळ वाढला. पहिलंच उदाहरण ३ सप्टेंबरचं, पठाणकोटहून उडालेल्या नॅटचं. स्क्वाड्रन लीडर ट्रेव्हर कीलर यांनी सेबर पाडलं, त्यांना वीरचक्र मिळालं. पाकिस्तानचं म्हणणं, ते विमान जखमी होऊन तळावर परतलं. त्याच दिवशी आपलं एक नॅट त्यांच्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं आणि आज कराचीच्या संग्रहालयात उभं आहे. आम्ही उतरायला भाग पाडलं, असं ते म्हणतात. वैमानिक वाट चुकला, असं आपण म्हणतो. एकच विमान, दोन हिशोब. मी ३१ वर्षं खतावण्या जुळवल्या, पण जमा-खर्चाच्या दोन्ही बाजू वेगवेगळ्या देशांत ठेवलेल्या कधी पाहिल्या नव्हत्या.

तर विचारायचं हे, की दावा खरा का खोटा हे लोक कशावरून ठरवतात? नंबराच्या दोन आकड्यांवरून विमान सापडतं का? आणि मामांची सेवेची कागदपत्रं कुठे मागायची?

चाटीगल्लीकर:

ताई, टाका की ओ तीन! फ्लेक्सवर सेबर मोजायला कोण पाकिस्तानातून येतंय? आमच्या गल्लीत एका फ्लेक्सवर सतरा युवा नेते आहेत, ते तरी कोण मोजलंय.

वहीवाली:

@चाटीगल्लीकर, मामा एक गोळा कमी भरला तर रात्री झोपायचे नाहीत. त्यांच्या नावाच्या फलकावर मी आकडा ठोकून देऊ?

ढगाआडचा:

धागा वाचून खुर्ची पुढे ओढली. मी हौशी माणूस, पण या विषयात बरीच वर्षं घातलीत.

सगळे करतात ती चूक म्हणजे दाव्यांची यादी घेऊन बसणं. उलटीकडून या. आधी समोरच्याने काय गमावलं ते पाहा: कोणतं विमान, कोणता वैमानिक, कुठे, किती वाजता. वैमानिक मेला, कैद झाला किंवा पॅराशूटने उतरला, तर त्याचा माग कुठेतरी राहतोच. सन्मानाच्या यादीत राहतो, कैद्यांच्या अदलाबदलीत राहतो, पेन्शनीत राहतो. दाव्याचा माग फक्त दावा करणाऱ्याकडे असतो.

दावा फुगतो तो थापेबाजीने क्वचितच. तुम्ही नॅटमध्ये आहात असं समजा. समोरच्यावर दोन सेकंद गोळे सोडलेत. त्याच्या पंखाखालून काहीतरी सुटून खाली गेलं. तो तुकडा असेल, नाहीतर त्याने वजन कमी करायला टाकलेली इंधनाची टाकीही असेल. मागून धूर निघाला, पण तो नुसता इंजिनाचा जोर वाढवल्याचाही असतो. तो खाली झेपावला. खाली जाऊन बघायला तुमच्याकडे इंधन नाही, आणि तुमच्याही शेपटीला कोणी लागलंय. परत येऊन तुम्ही काय सांगणार? "पडलं." शेजारच्या वैमानिकाने त्याच विमानावर गोळे सोडले असतील तर तोही तेच सांगणार, आणि झाली दोन.

१५ सप्टेंबर १९४० हा ब्रिटनच्या लढाईतला सर्वात गाजलेला दिवस. १८५ जर्मन विमानं पाडली असं तेव्हा जाहीर झालं. युद्धानंतर जर्मनांच्या स्वतःच्या नोंदी हाती आल्या तेव्हा आकडा ६०च्या आसपास निघाला. तरी तिथे पडलेली विमानं इंग्लंडच्याच शेतात सापडत होती.

आपल्याकडचं स्वच्छ उदाहरण पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयराचं, २२ नोव्हेंबर १९७१. चार नॅट विरुद्ध सेबर. दावा तीनचा. दोन पडली आणि त्यांचे दोन्ही वैमानिक आपल्या हाती लागले, त्यातले परवेझ मेहदी कुरेशी पुढे पाकिस्तानी हवाई दलाचे प्रमुख झाले. तिसरं सेबर जखमी होऊन ढाक्याला पोहोचलं. तीन दावे, दोन पडझडी, आणि तरी खोटं कोणीच बोललं नाही.

उलटही घडतं, आणि ते मला जास्त चटका लावतं. ७ सप्टेंबर १९६५ला मिस्टेअर विमान घेऊन पाकिस्तानच्या सरगोधा तळावर गेलेले स्क्वाड्रन लीडर देवय्या परतले नाहीत. आपल्या दप्तरी 'बेपत्ता', एवढंच. दावा करायला माणूसच नव्हता. पुढे पाकिस्तानच्याच बाजूची हकिकत छापून आली तेव्हा कळलं की त्यांचं एक स्टारफायटर लढाऊ विमान त्या दिवशी एका मिस्टेअरशी झुंजताना पडलं होतं. माग काढत लोक देवय्यांपर्यंत पोहोचले आणि १९८८मध्ये मरणोत्तर महावीरचक्र दिलं गेलं. म्हणजे तेवीस वर्षं नुकसान एका देशात पडून होतं आणि पाडणारा दुसऱ्या देशात हरवलेला.

एक बारीक गोष्ट, जिच्यात भले भले फसतात: घड्याळ. पश्चिम पाकिस्तानचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. तिकडचं पाच आणि इकडचं साडेपाच म्हणजे एकच चकमक. हे विसरलात तर एका लढाईच्या दोन होतात.

ताई, त्या तीन ओळी आकड्यांसकट इथे द्याल का? तारखा नको असतील तर राहू द्या.

निवृत्त फिटर:

ताई, मीही एअरमन, पण मामांच्या बराच मागचा. कागदांचं सांगतो. एअरमनची सेवापुस्तकं दिल्लीत सुब्रतो पार्कच्या एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिसात असतात. अर्ज मामींच्या सहीने करा, तुमच्या नको. मामांचा सर्व्हिस नंबर आणि डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स जोडा. सोलापुरातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र सोबत गेलं तर बरं. पण सेवापुस्तकात कोणत्या युनिटला कधी होते एवढंच मिळेल, सेबर मिळणार नाही.

लढाईसाठी संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाने तयार केलेला १९६५चा अधिकृत इतिहास आहे, इंटरनेटवर वाचायला मिळतो. माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो. २० वर्षांपेक्षा जुनी माहिती मागायला त्या कायद्याच्या कलम ८(३)चा आधार आहे, फक्त सुरक्षेचं कारण पुढे करायची वाट त्यांच्याकडे उरतेच. धीर धरून करायचं काम आहे. शुक्रवारपर्यंत काही होणार नाही.

वहीवाली:

या घ्या तीन ओळी. आकडे परत आलेल्या गोळ्यांचे.

पहिली: डावी ०, उजवी ८३.
दुसरी: डावी १०९, उजवी १२.
तिसरी: डावी ११५, उजवी ११५.

तिन्हींना चांदणी. शेरा एकालाही नाही.

ढगाआडचा:

तिसरी ओळ पुन्हा वाचा. चांदणी म्हणजे सेबर असेल, तर ते एकही गोळा न उडवता पडलं. असंही घडू शकतं, समोरचा वळताना जमिनीवर आदळला तर. पण तोफा भरणाऱ्याने त्याची चांदणी आपल्या वहीत का काढावी?

निवृत्त फिटर:

मला दिसलं. ताई, ट्रिगर एकच असतो. दोन्ही तोफा बरोबर सुरू, बरोबर बंद. एडन मिनिटाला बाराशेच्या वर गोळे टाकते, म्हणजे ११५ गोळे पाचेक सेकंदांत संपले. दोन्हीकडचे उरलेले आकडे साधारण सारखेच यायला हवेत, दोन-चारचा फरक चालतो. डावी रिकामी आणि उजवीत ८३ शिल्लक, याचा अर्थ उजवी बत्तीस गोळ्यांवर अडकली. दुसरीत डावी सहा गोळ्यांवर अडकली. तिसरीत त्याने ट्रिगर दाबला आणि दोन्ही गप्प. हवेत ती सोडवता येत नाही. नॅटच्या तोफा ६५मध्ये अडकायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं.

वहीतल्या बाकीच्या ओळी तपासा. चांदणी नसलेल्या ओळींत डावी-उजवी जवळजवळ सारखी निघाली, तर या चांदण्या सेबरच्या नाहीत. त्या मामांच्या जिवाला लागलेल्या अडकलेल्या तोफा आहेत.

चाटीगल्लीकर:

आई शप्पथ.

वहीवाली:

रात्री दीडपर्यंत बसले. पेन्सिल, पट्टी, बँकेतल्यासारखी टिकमार्क. चांदणी नसलेल्या गोळीबाराच्या सगळ्या ओळी पाहिल्या. सर्वात मोठा फरक पाच गोळ्यांचा. "साहेब खूश"च्या ओळीत डावी ४१, उजवी ४०, आणि तिथे चांदणी नाही.

सकाळी मामींकडे गेले. त्या कडक भाकरी मोडून आमटीत घालत होत्या. मी चांदण्या दाखवल्या आणि विचारलं, "मामी, या कशाच्या?" त्यांनी चष्मा न लावताच सांगितलं, "खाड्याच्या." मला कळेना. मग त्यांनीच ट्रंकेतून दुधाचं कॅलेंडर काढलं. ज्या दिवशी गवळी आला नाही त्या चौकोनात लाल चांदणी. १९७८चं, १९८१चं, दर महिन्यात दोन-तीन. मामा ज्या दिवशी काम झालं नाही त्या दिवशी चांदणी काढायचे, मग ते दूध असो की तोफ. ती कॅलेंडरं का ठेवली असा प्रश्न मी वर देवाला टाकला होता, तो मागे घेते.

तिसऱ्या ओळीबद्दल मामी एवढंच म्हणाल्या, की तो वैमानिक जिवंत परत आला म्हणून मामांनी सिद्धेश्वराला नवस फेडला होता. कोण वैमानिक, ते मामांनी सांगितलं नाही.

संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्षांना समजावलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वहिनी, 'तीन' हा शब्द तरी कुठेतरी राहू द्या, पोरांनी वर्गणी त्याच्यावर काढली." मी नाही म्हटलं. मजकूर असा केलाय:

"१९६५च्या युद्धात पठाणकोट तळावर यांनी नॅट विमानांच्या तोफा भरल्या आणि परत आलेला प्रत्येक गोळा मोजला."

फ्लेक्सवाल्याने पार्श्वभूमीला परस्पर मिग टाकलंय. नॅटचा मोठा करता येईल असा स्वच्छ फोटो कोणाकडे असेल तर उद्या दुपारपर्यंत द्या. आणि तिसऱ्या ओळीतल्या विमानाच्या नंबराचे शेवटचे दोन आकडे मी निवृत्त फिटर काकांना व्यक्तिगत निरोपात पाठवते. दिल्लीचं उत्तर येईल तेव्हा येईल, धागा मी वर काढेन.