बॅकगॅमन स्पर्धा: तिरपा फासा आणि घड्याळ, नियम काय ठेवावेत?

नमस्कार मंडळी,

अमळनेरला आम्ही काही जण रविवारी बॅकगॅमन (दोन फासे टाकून सोंगट्या हलवायचा पटावरचा खेळ) खेळतो. आखातात नोकरी करून परतलेल्या दोघांनी पट आणले आणि नाद लागला. दिवाळीनंतर धुळे, चोपडा, जळगावच्या खेळाडूंना बोलावून एक दिवसाची स्पर्धा घ्यायची आहे, सामने ७ गुणांचे. बुद्धिबळात असतं तशा, खेळी झाली की दाबायच्या घड्याळाशिवाय एका दिवसात उरकणार नाही. आजवर आम्ही घड्याळ लावलेलं नाही आणि तिथेच घोडं अडलंय.

मूळ नियम ठाऊक आहे: दोन्ही फासे पटाच्या आपल्या उजवीकडच्या भागात सपाट पडले पाहिजेत. एखादा सोंगटीवर चढला, काठाला टेकला, डावीकडे गेला किंवा पटाबाहेर उडाला तर दोन्ही पुन्हा टाकायचे. सरावात यावरून कधी वाद झाला नाही. घड्याळ लावून पाहिलं आणि लगेच झाला. ५-५ अशी बरोबरी, एकाची सोंगटी मारली गेलेली, समोरच्याची पाच घरं बंद, आत यायला सहाच हवा. सहा पडला, पण फासा सोंगटीला टेकून. त्याने सोंगटी आत घेतली, घड्याळ दाबलं. समोरचा म्हणाला, फासा तिरपा होता. हा म्हणे, "सपाटच शे ना भाऊ!" वाद चालू आणि वेळ मात्र हरकत घेणाऱ्याचा जातोय! हे मला अजिबात पटलं नाही.

तर हरकत कधीपर्यंत घेता यावी? आणि पुन्हा फासे टाकताना वेळ कुणाचा जावा? आमच्यातल्या एका आबांचा हात थरथरतो, त्यांचं दान बऱ्याचदा मोडतं. चांगला खेळणारा माणूस हातामुळे वेळेत हरू नये, एवढीच माझी तळमळ आहे. कुणी स्पर्धा घेतली असेल तर कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद:

भाऊ, आधी वेळ नीट लावा. प्रचलित पद्धत म्हणजे प्रत्येक खेळीला १२ सेकंद सवलत आणि गुणामागे २ मिनिटं राखीव, म्हणजे ७ गुणांना प्रत्येकी १४ मिनिटं. सवलतीतले उरलेले सेकंद साठत नाहीत. बुद्धिबळात दर खेळीला वेळ वाढत जातो तसं लावू नका, घड्याळावर 'डिले'च (आधी सवलतीचे सेकंद, ते संपल्यावरच राखीव वेळ) निवडा. यासाठी डिजिटल घड्याळच लागेल.

तिरपं दान पुन्हा टाकताना घड्याळ थांबवू नये. टाकणाऱ्याचाच वेळ जातो, पण तो बहुतेक १२ सेकंदांत भागतो. फासा जमिनीवर गेला किंवा वाद झाला तर मात्र घड्याळ लगेच थांबवायचं आणि पंचाला बोलवायचं. तुमच्याकडे अन्याय झाला तो इथे, घड्याळ चालू ठेवून वाद घातला.

हरकतीसाठी फाशांची एकच जोडी दोघांत वापरा. खेळी संपली की फासे न हलवता घड्याळ दाबायचं, मग समोरच्याने ते उचलायचे. घड्याळ दाबेपर्यंत फासे जागचे हलत नाहीत, त्यामुळे दोघांना दिसतात. माझ्या मते हरकत समोरचा फासे उचलेपर्यंत घेता यावी, नंतर नाही. शंका असेल तर त्या फाशावर दुसरा फासा ठेवून बघा, घसरला तर दान मोडलं.

आबांसाठी बॅफल बॉक्स घ्या. उभी पेटी असते, आत तिरप्या फळ्या. वरून फासे सोडायचे, ते आपटत खाली पटावर येतात. मनगटाचा प्रश्नच उरत नाही. पण ती सगळ्याच पटांवर ठेवा, एकट्या आबांना वेगळी वागणूक नको.

धागाकर्ता:

खूप आभार, दादा. एकाच जोडीचं आमच्या लक्षातच आलं नव्हतं, आम्ही दोघांना वेगळे फासे देत होतो. पेटी इथल्या सुताराकडून करून घेईन. फळ्यांचा उतार किती ठेवावा आणि आत कापड लावावं का, म्हणजे आवाज कमी होईल? कुणी बनवली असेल तर मापं द्या.